सुपरवायझरसाहेबांचं घट्ट मन

माझ्या मोठ्या काकांना तुच्छता फार छान जमायची. त्यासाठी त्यांना बोलावंही लागत नसे. समोरचा माणूस बोलत असताना ते आधी त्याच्या चपलांकडे बघायचे, मग छताकडे, आणि मग नाकातून बारीकशी हवा सोडायचे. तेवढ्यात त्या माणसाचं शिक्षण, नोकरी, संस्कार आणि अंघोळ या सगळ्याचा निकाल लागलेला असे. अंबरनाथच्या त्यांच्या वसाहतीत सगळे त्यांना सुपरवायझरसाहेब म्हणत. एका केमिकल कंपनीत ते शिफ्ट सुपरवायझर होते. साहेब म्हणवून घ्यायला एवढं पुरतं का, असा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा. पण आमच्या घराण्यात कायम नोकरी मिळवणारे, शर्ट खोचणारे आणि रुमालाला इस्त्री करणारे पहिले पुरुष तेच. त्यामुळे माझे पप्पा, म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, पन्नाशी आली तरी त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसायचे.

"मन घट्ट पाहिजे," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते कशालाही चालायचं. शेजारच्या बाईंची पाठ धरली, मन घट्ट नाही. पप्पांची बढती हुकली, मन घट्ट नाही. मी बारावीला फिजिक्समध्ये गचकले, मन घट्ट नाही. एकदा विहारात कार्यक्रम चालू असताना पंखा बंद पडला, तेव्हा माझा धाकटा भाऊ सिद्धू माझ्या कानाला लागून म्हणाला, "ताई, पंख्याचं मन घट्ट नाही." मला हसू आवरेना. काकांनी माझ्या पायांकडे बघितलं. चपला बाहेर काढलेल्या होत्या, तरी बघितलं.

बाकी त्यांच्या सवयी आम्ही साहेबी समजून चालायचो. दोन लिटरची पाण्याची बाटली घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. लग्नात जेवायला बसले तरी ती ताटाशेजारी उभी. चहा कायम अर्धा कप, तोही दोन्ही हातांनी धरून. कारण हात थरथरायचे. त्याचंही त्यांनी भांडवल केलं होतं. "ज्यानं मशीनवर आयुष्य काढलं त्याचा हात थरथरणारच. स्थिर हात कारकुनांचे," असं ते म्हणायचे, आणि पप्पा कारकून होते. जेवणानंतर ते एक गोळी घ्यायचे. ती बी.पी.ची. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला उल्हासनगरला जायचे. तेही बी.पी.चंच. बी.पी.साठी दर तीन महिन्यांनी रक्त कशाला काढतात, आणि अंबरनाथमध्ये लॅब असताना उल्हासनगरला कशाला जायचं, हे विचारायची आमच्यात कोणाची छाती नव्हती.

सिद्धू आजारी पडला तेव्हा तो डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता आणि आम्ही बदलापूरला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. त्याची झोप उडाली. बोलणं इतकं वाढलं की ऐकणाऱ्याला धाप लागावी. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून त्यानं एका दिवसात अकरा जीन्स आणल्या. त्या शिवणाऱ्या कारखान्याच्या मालकाला, तुमचे खिसे चुकीच्या जागी आहेत, असं पटवून आला. मग हॉलच्या नव्या भिंतीवर मार्करनं बदलापूर ते उल्हासनगर हवेतून जाणाऱ्या रस्त्याचा नकाशा काढला, खांबांसकट. दीड महिन्यानं तोच मुलगा त्याच भिंतीकडे तोंड करून बसला. अंघोळ नाही, जेवण नाही. आई जवळ गेली की म्हणायचा, "आई, मला हात नको लावूस. मी घाण आहे."

काका बघायला आले. भिंतीकडे बघितलं, सिद्धूकडे बघितलं, आणि निकाल दिला, "लाड."

"तसं नाही दादा, डॉक्टर म्हणाले की हा आजार…" पप्पा चाचरले.

"डॉक्टर काय म्हणणार? त्यांना गिऱ्हाईक पाहिजे. एका खोलीत सात जण वाढलो आपण. कोणाला झालं का असलं काही? मन घट्ट होतं म्हणून उभे राहिलो." मग बाटलीतलं पाणी घटाघटा पिऊन गेले.

पहिल्या डॉक्टरांनी फिट्सवरही देतात अशी एक गोळी सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात सिद्धूला ताप आला. अंगावर लाल चट्टे उठले, ओठ सोलवटले, तोंडात फोड आले, डोळे उघडेनात. गोळी ताबडतोब बंद करून त्याला दवाखान्यात ठेवलं. अठरा दिवस आईनं त्याला चमच्यानं पाणी पाजलं, आणि प्रत्येक चमच्याला तो विव्हळायचा. काका दारातूनच बघून गेले. जाताना पप्पांना म्हणाले, "एक गोळी पचवता येत नाही पोराला." आयुष्यात मी बरीच हलकी वाक्यं ऐकली आहेत, पण याच्या खाली गेलेलं एकही नाही.

नंतरच्या औषधानं सिद्धूचं वजन अठरा किलोनं वाढलं, केस गळाले, आणि आजार होता तिथेच राहिला. त्यानंतरचं औषध इतरांना देतात तेवढंच दिलं, तर त्याची मान एका बाजूला वळून तशीच राहिली. दोन वर्षं अशी गेली. डिप्लोमा सुटला. मित्र यायचे बंद झाले. शेवटी कोणीतरी कल्याणच्या एका डॉक्टर मॅडमचं नाव सुचवलं. पप्पांना डॉक्टरांशी बोलता येत नाही, असं काकांचं मत, म्हणून तेही आमच्याबरोबर आले आणि मॅडमच्या समोरची खुर्ची त्यांनीच घेतली.

मॅडम शांत होत्या. सगळे कागद वाचून त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला असा त्रास आहे किंवा होता का? आठवून सांगा. आणि असला, तर त्यांना कुठल्या औषधानं बरं वाटलं? या आजारात एकाला लागू पडलेलं औषध त्याच्या नात्यातल्या दुसऱ्याला लागू पडण्याची शक्यता जास्त असते. म्हणून विचारते."

पप्पा विचार करायला लागले. काकांनी विचारही केला नाही.

"आमच्या घराण्यात असलं काही नाही," ते म्हणाले.

मॅडमनी ते लिहून घेतलं.

त्यानंतर आठेक महिन्यांनी मी लॅब टेक्निशियनचा कोर्स पुरा करून कॅम्प तीनमधल्या एका लॅबमध्ये लागले. खालच्या मजल्यावर जीन्सचं शिलाई काम चालायचं, त्यामुळे आमच्या टेबलावरच्या काचेच्या नळ्या दिवसभर किणकिणत असायच्या. मालक म्हातारे सिंधी डॉक्टर होते. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "बेटी, यहाँ का नाम यहीं रहेगा. घर नहीं जाएगा." मी मान डोलावली. ते मला इतक्या लवकर नडेल असं वाटलं नव्हतं.

एका सकाळी पडद्यापलीकडून रिसेप्शनवरच्या मुलीनं कोणाला तरी नाव विचारलेलं ऐकू आलं.

"किशनचंद," उत्तर आलं.

आवाज ऐकून मी पडदा बाजूला केला. खोचलेला शर्ट, इस्त्रीचा रुमाल, दोन लिटरची बाटली. आमचे सुपरवायझरसाहेब उल्हासनगरात येऊन किशनचंद झाले होते. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण ती मुलगी म्हणाली, "काका, बसा ना, तुमचाच नंबर आहे," आणि ते खाली बसले.

मी चिठ्ठी वाचली. रक्तातलं लिथियमचं प्रमाण, आणि किडनीची तपासणी. लिथियम बी.पी.ला देत नाहीत, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. ते कशाला देतात, हेही शिकवलं होतं. काकांनी बाही वर केली. त्यांना टोचायची संधी आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती, आणि मला शीर सापडत नव्हती.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"तुझं काम कर."

"किती वर्षं, काका?"

ते छताकडे बघत होते. "एकवीस."

मी त्यांच्याबरोबर जिना उतरले. खाली मशिनींच्या खडखडाटात कोणाला काही ऐकू जाणार नव्हतं. एकवीस वर्षांपूर्वी ते दोन महिने पुण्याला ट्रेनिंगला गेले होते, असं घरात सांगायचे. ते ट्रेनिंग नव्हतं, दवाखाना होता, हे आता त्यांनीच सांगितलं. मोठ्या काकींना माहीत होतं, बाकी कोणालाही नाही.

"मॅडमनी विचारलं तेव्हा तुम्ही समोर बसला होतात," मी म्हणाले. "सिद्धूची मान वाकडी झालेली तुम्ही बघितलीत. तोंड सोललेलं बघितलंत."

"दोन मुली आहेत मला. त्यांची लग्नं व्हायचीत. कंपनीत कळलं असतं तर त्याच दिवशी गेटबाहेर काढलं असतं. तुला काय कळतंय?"

तेवढं मला कळत होतं. त्यात खोटं काही नव्हतं. मी गप्प झाले असते, पण ते पुढे बोलले.

"आणि मी गोळीनं बरा नाही झालो, समजलं? गोळी नुसती आधाराला. कंपनीत असल्या पावडरची पिंपं भरलेली असतात, तिनं काय माणूस बरा होतो? मी मनानं बरा झालो. निग्रह केला. तुझ्या भावाकडे मनच नाही. त्याला माझी गोळी देऊन काय उपयोग?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता, आणि तेच जास्त किळसवाणं होतं. या माणसानं रोज जेवल्यावर एक गोळी गिळायची आणि तिचं श्रेय स्वतःच्या स्वभावाला द्यायचं, असं एकवीस वर्षं चालवलं होतं. त्या श्रेयाच्या जोरावर सगळ्या जगाच्या चपला तपासल्या होत्या.

"मी कोणाला सांगणार नाही," मी म्हणाले. "ते माझ्या कामात बसत नाही. तुम्ही सांगा."

त्यांनी सांगितलं नाही. मी अकरा दिवस घरात आईच्या नजरेला नजर न देता वावरले. सिद्धूनं पुन्हा खाणं सोडलं होतं. मॅडम म्हणाल्या, भरती करू, शॉक द्यावे लागतील. पप्पांनी काकांना फोन लावला आणि बोलता बोलता रडायला लागले. लहान भाऊ मोठ्या भावापुढे रडतो तसे, आवाज लपवायचा प्रयत्न न करता. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात काका उभे. हातात जाड वही. घरात आले नाहीत. मला म्हणाले, "चल कल्याणला."

मॅडमसमोर त्यांनी वही ठेवली. शिफ्टचा रिपोर्ट लिहावा तसं टपोऱ्या अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. तारीख, गोळीचं प्रमाण, रक्तातलं लिथियम, झोप किती तास. मॅडमनी बराच वेळ पानं उलटली.

"एकवीस वर्षांत आजार एकदाही उलटला नाही?"

"एकदाही नाही," काका ताठ झाले. "मन घट्ट ठेवलं की…"

"नाही हो," मॅडम मध्येच म्हणाल्या. आवाज सौम्य होता. "तुम्ही नियमानं घेतलीत, तपासण्या केल्यात, ते तुमचं. पण लिथियम इतकं छान लागू पडणं हे बरंचसं जन्मतःच ठरतं. ते आई-बापांकडून येतं, डोळ्यांच्या रंगासारखं. नक्की काय येतं, ते अजून नीट कळलेलं नाही. हीच गोळी तेवढ्याच नियमानं घेऊन काहीही फरक न पडलेले लोक माझ्याकडे येतात. त्यांची मनं काही सैल नसतात."

काकांनी वही मिटून स्वतःकडे ओढली.

"आणि तुमच्या पुतण्याला पहिल्या गोळीनं जे झालं, तेही असंच असावं. काहींच्या रक्तात जन्मतः अशी काही खूण असते की तीच गोळी त्यांचं कातडं सोलते. तिसरं औषध त्याचं शरीर बहुतेक हळू मोडतं, म्हणून साधा डोस त्याला जड गेला. यात पचवण्या न पचवण्याचा काही प्रश्न नाही."

काकांचं गोळी न पचण्याबद्दलचं ते दवाखान्यातलं वाक्य माझ्याकडून मॅडमना कळलेलं नव्हतं. त्या आपल्या सहज बोलून गेल्या होत्या. पण काकांनी मान खाली घातली, आणि पहिल्यांदाच मी त्यांना स्वतःच्या चपलांकडे बघताना पाहिलं. एखाद्याची आयुष्यभराची कमाई डॉक्टरीण बाईनं टेबलावरून बाजूला सरकवावी, तसं त्यांचं तोंड झालं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

किडनी आणि थायरॉइड तपासून मॅडमनी सिद्धूला लिथियम सुरू केलं. लागू पडेलच असं नाही, हे त्यांनी चारदा सांगितलं. पडलं. चौथ्या आठवड्यात त्यानं आईकडे कांदेपोहे मागितले. आई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली, पोहे करायचं तिला सुचेना. वर्षभरात तो परत परीक्षेला बसला, आणि नंतर अंबरनाथच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला लागला. भिंतीवरचा नकाशा पुसायला निघालेल्या पप्पांना त्यानंच अडवलं. "राहू द्या, खांबांचं माप बरोबर आहे," म्हणाला.

काकांनी माफी मागितली असेल, असं वाटत असेल तर तुम्ही असे काका पाहिलेले नाहीत. महिनाभर ते आमच्याकडे फिरकले नाहीत आणि मग नव्या वाक्यासकट परत आले. "शेवटी रक्त माझंच आहे." आमचे कान किटले. मुलाला बरं करायला जणू त्यांनी स्वतःचं रक्त बाटलीत भरून दिलं होतं. घराबाहेर मात्र गोळी अजून बी.पी.चीच होती, आणि लॅबमध्ये ते अजून किशनचंदच होते.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. दर तीन महिन्यांनी ते सिद्धूला घेऊन शेअर रिक्षानं उल्हासनगरला यायचे. दोघांच्या मांडीवर दोन बाटल्या. "पाणी सोडायचं नाही. मीठ रोज सारखंच, आज कमी उद्या जास्त असलं करायचं नाही. जुलाब-उलट्या झाल्या तर सरळ डॉक्टर गाठायचा, आगाऊपणा करायचा नाही. लिहून ठेव, गाढवा." सिद्धू लिहून ठेवायचा. बाकी कोणी त्याला गाढव म्हटलं की तो कोमेजायचा. काकांनी म्हटलं की हसायचा. रक्त देऊन झालं की दोघं समोरच्या गाडीवर दाल-पकवान खायचे, आणि काका त्या गाडीवाल्याच्या चपलांना नावं ठेवायचे.

ते निवृत्त झाले आणि किडनीचे आकडे बिघडायला लागले. इतकी वर्षं लिथियम घेतलं की काहींचं असं होतं. मॅडमनी ते थांबवलं आणि दुसरं औषध दिलं. ते त्यांना लागलं नाही. तिसरंही नाही. पाच-सहा महिन्यांत त्या घट्ट मनाची शिवण उसवली.

विहाराच्या कुंपणाबद्दल सभा होती. काकांनी सेक्रेटरींच्या हातातून माइक ओढला. इस्त्रीचा शर्ट, बटणं वरखाली लागलेली. "सव्वीस वर्षं मी वेडाच्या आजाराची गोळी खाल्ली!" ते ओरडले. "सव्वीस वर्षं! तुमच्यातल्या एका मूर्खाला पत्ता लागला नाही! बी.पी. म्हटलं की बी.पी.! तुमची लायकीच नाही!" आणि लोक हसले. कोणाला खरं वाटलं नाही. साहेबांना भ्रम झालाय, काहीही बोलतात, असं म्हणत दोघातिघांनी त्यांना धरून खाली बसवलं. आयुष्यात एकदाच त्यांनी चारचौघांत खरं सांगितलं, आणि तेवढंच लोकांनी वेड समजून सोडून दिलं. तोपर्यंत मुलींची लग्नंही झाली होती. मोठ्या काकी पदरात तोंड लपवून बसल्या होत्या. सिद्धू माइकची वायर गुंडाळत उभा होता.

नंतर ते शांत झाले. फार शांत. त्यांना दवाखान्यात ठेवलं, तिथे सिद्धू त्यांचे पाय चेपायचा. एकदा ते त्याला म्हणाले, "माझं औषध तुला चालतं, आणि मलाच चालेना. काय हलकट प्रकार आहे." मग त्याच्याकडे बघून म्हणाले, "तोंडाला फोड आले होते तेव्हा फार दुखलं का रे?" सिद्धू म्हणाला, "हो." काकांनी मान हलवली. त्याच हिवाळ्यात हृदय बंद पडून गेले.

मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहार भरला होता. एकामागून एक लोक उठले आणि सुपरवायझरसाहेबांच्या निग्रहाबद्दल, शिस्तीबद्दल, घट्ट मनाबद्दल बोलले. शेवटी जरा बी.पी.चा त्रास झाला, असंही कोणीतरी म्हणालं. मी उठणार तेवढ्यात सिद्धू उठला. त्यानं आधी मोठ्या काकींकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली.

"काकांना बी.पी. नव्हतं," सिद्धू म्हणाला. "मला जो आजार आहे तोच त्यांना होता. बायपोलर म्हणतात त्याला. त्यांचं औषध मला लागू पडलं म्हणून मी इथे उभा आहे. त्यांनी आधी सांगितलं असतं तर माझी अडीच-तीन वर्षं वाचली असती. पण सांगितलं. एवढंच."

कोणी हसलं नाही. कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. पुढच्या वक्त्यानं घसा खाकरून पुन्हा शिस्तीबद्दल सुरू केलं.

जेवणाच्या वेळी वसाहतीतल्या एक मावशी ताट न घेताच सिद्धूच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांची मुलगी वर्षभर घराबाहेर पडली नव्हती, आणि तिला मणक्याचा त्रास आहे असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

"ती गोळी कुठली, तेवढं कागदावर लिहून दे बाळा," त्या हळूच म्हणाल्या.

"नाव देतो मावशी, पण मला लागली ती तिला लागेलच असं नाही," सिद्धू म्हणाला. "उलट त्रासही होईल. तुम्ही मॅडमकडे जा, आणि घरात कोणाकोणाला काय होतं ते सगळं सांगा. काही लपवू नका."

मावशींनी मागे वळून बघितलं. ऐकणारी मी एकटीच होते. मग त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली आणि म्हणाल्या, "मग आधी माझ्या सासऱ्यांचं ऐक."